बेचाळीस दिवसांचा हिशेब

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? लहानपणी हे कोडं कुणी घातलं नाही असा मराठी माणूस विरळा. तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. उत्तर सांगून झालं की आपण कोडं विसरतो. ज्याच्या दारात घोडा बांधलेला आहे त्याला ते विसरता येत नाही. भाकरी एकदाच उलटायची असते, घोडा रोज फिरवायचा असतो. रोज चंदी-वैरण, रोज पाणी, रोज खरारा, रोज चारही खूर उचलून पाहणं. सणवार, पाऊस, लग्नकार्य, कशाचीच सबब चालत नाही. अशा घरात एके दिवशी निदान होतं की कर्करोग आहे आणि पुढचे काही महिने केमोथेरपी घ्यावी लागेल. घरचे उपचारांचं, पैशांचं, मुलांचं बोलत असतात. मालकाच्या डोक्यात मात्र एकच घोळत असतं, उद्या सकाळी तबेल्यात कोण जाणार?

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत, तिथे घोडा हेच कित्येक कुटुंबांचं उत्पन्न आहे. भीमथडी घोड्यावर बिऱ्हाड लादून चराईसाठी रानोमाळ जाणारे धनगर आहेत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेला घोडा जिवापाड जपणारे शेतकरी आहेत. पुण्या-मुंबईच्या पागांतले मोतद्दार आहेत. आजार कुणालाही गाठतो आणि घोडा कुणाचाही असला तरी त्याला सकाळी भूक लागतेच.

मुंबईत परळला कर्करोगाचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून उभं आहे. त्याच परळमध्ये १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि जनावरांचं मोठं जुनं इस्पितळही आहे. माणसाचा डॉक्टर आणि घोड्याचा डॉक्टर इतके शेजारी, पण पहिल्याला आपल्या पेशंटच्या घरी घोडा आहे हे ठाऊक नसतं आणि दुसऱ्याला घोड्याचा मालक आजारी आहे हे कुणी सांगत नाही. ती गाठ मालकालाच घालावी लागते. म्हणून पहिलं काम अगदी साधं. उपचार सुरू होण्याआधी कर्करोगतज्ज्ञाला स्पष्ट सांगायचं की माझ्याकडे घोडा आहे, मी रोज अमुक कामं करतो, त्यातली कुठली चालतील? आणि पशुवैद्याला सांगायचं की पुढचे सहा महिने फोन माझा नसेल, अमक्याचा असेल.

दोन पंचांगं, एक कागद

केमोथेरपीबद्दल लोकांना भीती असते, पण तिच्यात एक गोष्ट सोयीची आहे. ती तारखेनं चालते. अनेक प्रकारच्या केमोची फेरी एकवीस दिवसांची असते. काहींची चौदा दिवसांची, काही दर आठवड्याला दिल्या जातात. एकवीस दिवसांच्या फेरीचा साधारण नकाशा असा: औषध चढवल्यानंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि गळाठा. पुढे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात, तेव्हा माणूस दिसायला बरा असला तरी जंतुसंसर्गाला सगळ्यात सहज बळी पडतो. तिसऱ्या आठवड्यात पेशी वर येतात, तोंडाला चव येते, अंगात थोडी ताकद वाटते. मग पुढची फेरी.

घोड्याचंही पंचांग असतं. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. बेचाळीस दिवस म्हणजे केमोच्या बरोबर दोन फेऱ्या.

हा जुळून आलेला हिशेब कामाचा आहे. नालबंदाचा दिवस प्रत्येक दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात धरला, तर मालक स्वतः हजर राहू शकतो, खुराची अवस्था डोळ्यांनी पाहू शकतो. दगडी रस्त्यावर काम करणाऱ्या घोड्याचे नाल आधीच झिजतात, त्याच्यासाठी प्रत्येक फेरीला एकदा. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, दातांची तपासणी ही कामंही याच आठवड्यात बसवावीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही पंचांगं शेजारी शेजारी लिहावीत आणि तो कागद तबेल्याच्या भिंतीला लावावा. घोड्याकडे बघायला येणाऱ्या माणसाला मालकाचे वाईट दिवस कुठले आणि घोड्याच्या तारखा कुठल्या, हे विचारावं लागू नये.

त्याच कागदावर दोन तापमानंही लिहावीत. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. म्हणजे थर्मामीटरवर ३८ दिसलं तर घोड्याची तब्येत उत्तम. केमो चालू असलेल्या मालकाच्या अंगात तेच ३८ अंश भरले, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करायचा. सकाळ होऊ दे, क्रोसिन घेऊन बघू, असं म्हणायचं नाही. त्या गोळीनं ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो.

आधी घोड्याचं पोट

मालक रुग्णालयात असताना घोड्याला सगळ्यात मोठा धोका उपासमारीचा असतो असं वाटेल. प्रत्यक्षात प्रेमापोटी जास्त घातलेल्या चंदीनंही घोडे मरतात.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. मोकळा सोडला तर तो दिवसातले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो. त्याच्या पचनाला तीच सवय आहे. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुकी वैरण लागते. पाणी साधारण वीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चंदी, मग ती हरभऱ्याची असो, जवाची किंवा ओटची, ही कामाची मजुरी आहे. काम थांबलं की मजुरी कमी व्हायला हवी.

इथेच शेजारी, पाहुणे आणि प्रेमळ नातेवाईक चुकतात. मालक आजारी म्हणून घोडा आठवडाभर उभा राहतो. बिचारा एकटा पडलाय, असं म्हणून त्याला नेहमीची चंदी, वर मूठभर जास्त घातली जाते. आठव्या दिवशी कुणीतरी त्याला बाहेर काढतं, तो शंभर पावलांत घामाघूम होतो, मागचे पाय लाकडासारखे होतात, लघवी गडद तपकिरी येते. जुन्या काळात युरोपात ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, चंदी मात्र पूर्ण मिळे. सोमवारी जुंपल्यावर हा त्रास व्हायचा, म्हणून त्याचं नावच सोमवारचा आजार पडलं. स्नायू मोडून त्यातला रंग मूत्रपिंडावर बसतो आणि घोडा दगावूही शकतो. असा घोडा दिसला तर त्याला चालवायचं नाही, जागेवर थांबवून पशुवैद्याला बोलवायचं.

म्हणून उपचार सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच बदल करायला लागावं. चंदी हळूहळू कमी, वैरण हळूहळू जास्त. खाण्यातला कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत पसरायचा, कारण एका रात्रीत बदललेल्या खाण्यानं पोटशूळ उठतो. मदतनिसाला सांगताना 'दोन ओंजळी' असं माप देऊ नये. तुमची ओंजळ आणि त्याची ओंजळ सारखी नसते. एक डबा ठरवावा, तो एकदा तराजूवर भरून बघावा, त्यावर रेघ मारावी.

पोटशूळाची लक्षणं त्याच कागदावर हवीत: खाणं सोडणं, वळून वळून कुशीकडे बघणं, पुढच्या पायानं जमीन उकरणं, पुन्हा पुन्हा लोळणं, लीद न होणं. यातली दोन दिसली तर काढा-बिढा न करता पशुवैद्याला फोन. निरोगी घोड्याची नाडी उभा असताना मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. ती साठच्या वर गेली तर उशीर करायचा नाही. आणखी एक ओळ फार जणांच्या लक्षात येत नाही: पशुवैद्यानं औषधोपचार सांगितले तर मालकाला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा. मालकाला सलाइन लागलेली असताना हा आकडा विचारायला कुणी धजत नाही आणि मौल्यवान तास निघून जातो.

हातातला दोर

आता मालकाचं शरीर. घोड्याला कायमचं सोडा, असा सल्ला पटकन दिला जातो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कामांची वाटणी मात्र नव्यानं करावी लागते.

लीद काढणं, ठाण झाडणं, जुनी वैरण उसकटणं ही कामं पूर्ण उपचार संपेपर्यंत दुसऱ्याची. लिदीतून साल्मोनेलासारखे जंतू येतात आणि दमट वैरणीत बुरशी असते. तिचे कण फुफ्फुसात गेले तर पेशी खाली आलेल्या माणसाला गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. पावसाळ्यात बुरशी चढलेली वैरण घोड्यालाही वाईटच, त्याला खोकला-धाप लागते, पोट बिघडतं. ती फेकून देण्यात दोघांचा फायदा आहे. घोड्याच्या अंगावर गोल चट्टे दिसले तर ती गजकर्णाची बुरशी असू शकते, ती माणसाला लागते. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि त्या फुटून जखमा दिसल्या तर ग्लँडर्सची तपासणी व्हायलाच हवी. हा आजार माणसातही जातो आणि भारतात तो शासनाला कळवणं बंधनकारक आहे. घोड्याला लस द्यायची असेल तर ती जिवंत जंतूंची आहे का हे पशुवैद्याला विचारावं. तशी असेल तर ती देताना मालकानं जवळ थांबू नये.

रक्तातल्या प्लेटलेट्स कमी असतील तर एखादी साधी लाथ किंवा पायावर पडलेली टाप आत रक्तस्राव करू शकते. प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या खाली असताना घोड्यावर बसण्याचा विचारही नको. पाठीच्या किंवा मांडीच्या हाडांत आजार पोचला असेल, तर हाडं चालता चालताही मोडू शकतात. तिथे बसायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांचाच. विन्क्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी हातापायाची बोटं बधिर होतात. बधिर बोटांना तंग किती आवळला ते कळत नाही, रिकिबीत पाऊल नीट बसलं की नाही ते कळत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा थंडीच्या पहाटे पाण्याची बादली धरू नये. तशी पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन. ते कुठल्याच फेरीत उचलायचं नाही.

छातीच्या वरच्या भागात, गळपट्टीच्या हाडाखाली अनेकदा केमोसाठी पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडण्याची छोटी डबी, बसवलेलं असतं. घोडा मायेनं आपलं कपाळ माणसाच्या छातीवर घासतो, ते नेमकं तिथेच. म्हणून पोर्ट असताना घोड्याच्या समोर उभं राहायचं नाही, खांद्याच्या बाजूला उभं राहायचं. घोड्याला नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, त्या अर्थानंही खांद्याजवळची जागा सुरक्षित. जवळ जाण्याआधी बोलावं. घोडा माणसाला आवाजावरून ओळखतो. केस गेलेले, तोंडावर मास्क, अंगाला औषधांचा वास, अशा माणसाला तो क्षणभर परका समजू शकतो. नेहमीच्या आवाजात नेहमीची हाक दिली की त्याचे कान वळतात.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. त्या हाताला झटका, जखम, ताण नको. आपल्याकडे घोडा डावीकडून धरून नेतात, म्हणजे दोराचा सगळा झटका उजव्या हाताला बसतो. शस्त्रक्रिया उजव्या बाजूची ठरली असेल तर आधीच्या पंधरा दिवसांत घोड्याला उजवीकडून धरून चालायची सवय लावावी. बहुतेक घोडे पहिले काही दिवस गोंधळतात, मग शिकतात. आणि दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हा नियम निरोगी माणसासाठीही आहेच.

मग मालकानं करायचं काय? तिसऱ्या आठवड्यात, मास्क लावून, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत हलका खरारा. नाल लावताना घोड्याच्या खांद्याशी थांबून त्याच्याशी बोलणं, धरायला मात्र दुसरा. वैरणीचा वास घेऊन ती चांगली आहे का हे ठरवणंही नको, ते डोळ्यांनी करावं. खुर्ची टाकून बसून मदतनिसाच्या हातून घोड्याचे खूर पाहावेत. कुठली फट, कुठली दुखावलेली जागा हे त्याला दाखवून द्यावं. दहा वर्षांत डोळ्यांनी मिळवलेलं ज्ञान आत्ता दुसऱ्याच्या हाती द्यायची हीच वेळ आहे. काम झालं की हात धुवावेत, कपडे बदलावेत, तबेल्याच्या चपला घरात आणू नयेत.

कर्करोग नसलेल्या, पण रक्ताच्याच अप्लास्टिक ॲनिमिया या आजारात घोड्याच्या रक्तातून बनवलेलं एटीजी हे औषध दिलं जातं. घोडेवाल्यानं हे औषध घेण्याआधी आपल्याला घोड्याच्या केसांची किंवा कोंड्याची कधी ॲलर्जी झाली होती का, ते डॉक्टरांना नक्की सांगावं. ज्याच्यावर आयुष्य काढलं त्याच प्राण्याचं रक्त उपचाराला येतं, असंही होतं.

अल्डानिटीचा पाय

इंग्लंडचा बॉब चॅम्पियन हा अडथळ्यांच्या शर्यतींतला नावाजलेला जॉकी. १९७९ साली, एकतिसाव्या वर्षी, त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयात त्याच्यावर केमोथेरपी झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अल्डानिटी नावाच्या घोड्याच्या पायाची कंडरा पुन्हा दुखावली. शर्यतीच्या घोड्याला ही दुखापत झाली की बहुतेकदा कारकीर्द संपते. महिनोन्महिने ठाणबंद विश्रांती, मग हातात धरून चालवणं, मग हळूहळू वाढवत नेणं, एवढाच उपाय.

चॅम्पियनला याच घोड्यावर बसून ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकायची होती. पण या काळात अल्डानिटीचा पाय बरा करणारे हात दुसऱ्यांचे होते. त्याची निगा मालक निक एम्बिरिकोस यांच्या ससेक्समधल्या घोडेपैदास केंद्रावर राखली गेली. प्रशिक्षक जॉश गिफर्ड यांनी चॅम्पियनची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली. उपचार संपल्यावर चॅम्पियननं अमेरिकेतल्या उबदार हवेत ताकद परत मिळवली. ४ एप्रिल १९८१ रोजी एन्ट्रीच्या मैदानावर, तीस अडथळे आणि साडेचार मैलांच्या त्या शर्यतीत दोघं पहिले आले. स्पार्टन मिसाइल हा घोडा चार लांबींनी मागे राहिला. १९८३ साली चॅम्पियनच्या नावानं कर्करोग संशोधनासाठी न्यास स्थापन झाला, १९८४ साली यावर 'चॅम्पियन्स' हा चित्रपट आला.

ही गोष्ट बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. घोडेवाल्यानं ती वेगळी वाचावी. जॉकी बरा होत असताना त्याच्यासाठी घोडा कुणीतरी बरा करत होतं, आणि बरा झालेल्याला परत यायला जागा होती. तबेल्यात आजारी माणसासाठी करायच्या तयारीचा सगळा अर्थ यात येतो.

पैसा आणि पुढचं

माथेरानच्या घोडेवाल्याला कुणी राखून ठेवलेली जागा देत नाही. समजा, घरात एकच कमावता माणूस आहे, दोन घोडे आहेत आणि सहा महिने उपचार आहेत. एक घोडा अर्धलीनं द्यावा लागेल. कमाईचा निम्मा वाटा मालकाला, निम्मा चालवणाऱ्याला, असं म्हणणं सोपं. पण नालबंद कुणाचा, पशुवैद्य कुणाचा, घोडा लंगडला तर त्या दिवसांची वैरण कुणाची, हे लिहून ठेवलं नाही तर उपचार संपेपर्यंत घोडाही जातो आणि भाऊबंदकीही येते. साध्या वहीच्या पानावर, दोघांच्या सह्या आणि एका शेजाऱ्याची साक्ष, एवढं पुरतं. विमा असेल तर त्याच्या हप्त्याची तारीखही भिंतीवरच्या कागदावर यायला हवी.

घोडा विकायचा की ठेवायचा, हा निर्णय औषधानंतरच्या पहिल्या आठवड्यात कधीही घेऊ नये. त्या दिवसांत माणसाला सगळंच संपल्यासारखं वाटतं. तो तिसऱ्या आठवड्यात घ्यावा, खरारा करून झाल्यावर. आणि एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आजार बरा होईलच असं नसतं. मागे घोडा कुणाकडे जाईल, ते त्या माणसाशी आधी बोलून, त्याची तयारी विचारून, लिहून ठेवावं. असं लिहिलं की माणूस लवकर जातो, हा समज खरा नाही. उलट रात्री झोप लागते.

बेचाळिसाव्या दिवशी नालबंद येतो. भट्टी पेटते, जुना नाल निघतो, खुराचा वाढलेला भाग कापला जातो, नवा ठोकला जातो. मालक खुर्चीत बसून बघत असतो, दोर पुतण्याच्या हातात आहे, आणि घोडा पहिल्या महिन्यात त्याच्या हाताला जसा बिचकायचा तसा आता बिचकत नाही. काम झाल्यावर पुतण्या त्याला अंगणातून एक फेरी मारून आणतो. मालकाचं लक्ष चारही टापांच्या आवाजाकडे असतं. सारख्या पडतायत.

त्या कोड्याचं उत्तर न फिरवल्यामुळे एवढंच आहे. फिरवणारा कोण असावा, हे कोड्यानं कधी विचारलेलंच नाही.